सल्फा, कावीळ आणि अल्ब्युमिनवरची जागा

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये १९५०च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधीपासूनच पेनिसिलिन आणि सल्फिसॉक्साझोल हे सल्फा गटातलं औषध दिलं जाई. औषधं रुळलेली होती. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांना तपासायचं होतं ते ऑक्सिटेट्रासायक्लिन हे दुसरं प्रतिजैविक. बाळं दोन गटांत वाटली, एकाला जुनी जोडी, दुसऱ्याला हे, आणि निकाल भलताच लागला. सल्फावाल्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि शवविच्छेदनात मेंदूच्या खोल भागांत पिवळेपणा सापडला, म्हणजे कर्निक्टेरस. हा अहवाल १९५६ सालचा. तुलनेला दुसरा गट नसता तर 'बाळं नाजूकच होती' म्हणून विषय तिथेच मिटला असता.

चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच होती. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत साठणारं पिवळं द्रव्य, फारसं न चढताही मेंदू पिवळा पडत होता. १९५९मध्ये जेरार्ड ओडेल यांनी उलगडा केला: बिलिरुबिन रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून फिरतं, सल्फिसॉक्साझोल नेमकी तीच जागा बळकावतं. उठवलेलं बिलिरुबिन रक्तातून ऊतींत शिरतं, म्हणून रक्ताचा आकडा उतरतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

मोठ्या माणसाला तेच औषध सहसा का बाधत नाही? त्याचं यकृत बिलिरुबिनचा निचरा भराभर करतं, आणि अल्ब्युमिनही मुबलक असतं, डेसीलीटरला साडेतीन ते पाच ग्रॅम. नवजाताकडे ते कमी, अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे त्याहून कमी, आणि त्याची औषधावरची पकडही सैल. त्यात बिलिरुबिन आणि मोकळी मेदाम्लं आधीच जागा अडवून बसलेली. लिडोकेनसारखी अल्कधर्मी औषधं ज्याला चिकटतात ते रक्तातलं दुसरं प्रथिन, अल्फा-१ आम्ल ग्लायकोप्रोटीनही बाळात बरंच कमी असतं.

म्हणजे ही ढकलाढकली दोन्हीकडून चालते: औषध बिलिरुबिनला हटवतं, तसं बिलिरुबिनही औषधाला. झटक्यांवरचं फेनिटॉइन प्रौढांत साधारण ९० टक्के अल्ब्युमिनला बांधलेलं असतं; मेंदूपर्यंत पोचतो तो उरलेला मोकळा वाटा. नवजातात मोकळा वाटा जास्त, कावीळ असली तर आणखी. समजा तो १० ऐवजी २० टक्के झाला. रिपोर्टवर एकूण पातळी तीच, मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम, पण मेंदूपर्यंत पोचणारं औषध एकाऐवजी दोन मायक्रोग्रॅम. मोकळं फेनिटॉइन मोजण्याची सोय सगळीकडे नसते, त्यामुळे बाळाच्या बाबतीत एकूण आकडा 'नॉर्मल' दिसला तरी डॉक्टर त्यावर विसंबत नाहीत. आज सर्रास वापरलं जाणारं सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविकही बिलिरुबिनला असंच हटवतं. कावीळ झालेल्या नवजाताला ते देत नाहीत.