साथीत सीपॅप बंद ठेवायचं का?

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकणाऱ्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ‘साथीच्या काळात सीपॅप लावू नका, मशीन विषाणू फुफ्फुसात ढकलतं’ असा मेसेज फिरतो. भीती समजण्यासारखी आहे. पण मशीन खोलीतलीच हवा फिल्टरमधून ओढतं. ते बंद केलं तरी तुम्ही तीच हवा घेता. ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका तो दाब घसा मिटू देत नाही, एवढंच. थेरपी थांबली की घोरणं, श्वास अडकणं काही रात्रींतच परततं.

काळजी घ्यायची ती घरच्यांची. लावलेल्या मास्कच्या बारीक छिद्रांसमोर तळहात धरा, सतत झोत लागेल. उच्छ्वास तिथूनच खोलीत जातो. म्हणून संसर्ग झाला असेल तर वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून झोपा आणि डॉक्टरांना कळवा. छिद्रं मात्र कधीच बुजवू नका, आत कार्बन डायऑक्साइड साठतो.