सेलीच्या पत्रांमागचा जॉर्जिया

‘द कलर पर्पल’ पाहून उठलं की माझ्या डोळ्यांसमोर ती टपालपेटी राहते. तिला हात लावायचा नाही, असा नवऱ्याने सेलीला दम भरलेला असतो. बहीण नेटीची पत्रं वर्षानुवर्षं येत राहतात आणि तो ती दडवून ठेवतो. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९८५ च्या या चित्रपटात मारझोड आहे, बलात्कार आहे, पोटची मुलं हिरावून नेणं आहे. तरी मला सगळ्यात जास्त सलतं ते हे पत्र अडवणं. जॉर्जिया राज्याने १८२९ मध्ये कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा ठरवला होता. सेलीच्या आजी-पणजीची पिढी त्याच कायद्याखाली जगली. म्हणून नेटी घरातल्या वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या लावून बहिणीला अक्षरं शिकवते, तेव्हा त्या पोरींच्या हसण्यामागे फार जुनी भूक असते.

चित्रपटाची गोष्ट सुरू होते १९०९ च्या हिवाळ्यात. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. ती बातमी आपल्याकडेही पोचली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पण सुटका झालेल्यांच्या हाती प्रत्यक्षात काय पडलं? जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने किनारपट्टीवरची जमीन कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. मग उरली अर्धेली. जमीन मालकाची, राबणारे हात यांचे, कापूस वाटून घ्यायचा. बियाणं, पीठ, कापड उधारीवर घ्यायचं आणि वर्षाअखेरीस हिशेब मालकाच्या वहीत. त्या वहीत कुळाच्या नावावर बहुतेक वेळा कर्जच निघायचं. सावकारी पाहिलेल्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चित्रपटामागच्या त्याच नावाच्या मूळ कादंबरीची लेखिका अ‍ॅलिस वॉकर अशाच अर्धेलीच्या घरात जन्मली. ९ फेब्रुवारी १९४४, जॉर्जियातलं ईटन्टन, आठ भावंडांत शेंडेफळ. तिच्या घराण्यात एका खापरपणजीची गोष्ट सांगितली जाते. ती गुलाम होती आणि दोन कडांवर दोन मुलं घेऊन व्हर्जिनियापासून जॉर्जियापर्यंत चालत आली. ‘वॉकर’ म्हणजे चालणारी. लग्नानंतरही अ‍ॅलिसने हे आडनाव सोडलं नाही, ते या बाईसाठी.

सेलीचं दुःखही याच घराण्यातलं आहे. अ‍ॅलिसचे वडील ११ वर्षांचे असताना त्यांच्या आईला, केटला, तिच्यावर प्रेम असल्याचं सांगणाऱ्या माणसाने मारून टाकलं. आजोबांनी दुसरी बायको आणली, रेचल. तिच्या वाट्याला आली मेलेल्या सवतीची पोरं आणि तापट नवरा. आता कादंबरीतला सेलीचा गृहप्रवेश आठवून पाहा. पहिल्या बायकोचा खून झालेला, घरभर तिची पोरं आणि नवऱ्याला बायको हवी ती राबायला. रेचलच्या आयुष्यावरून सेली घडली, हे वॉकरने स्वतः सांगितलं आहे. ‘कृष्णवर्णीय पुरुषांची बदनामी केली’ असा आरोप पुढे या लेखिकेवर झाला, तेव्हा तिच्या मनात हे घर होतं. तिने कुणा परक्या पुरुषाला रंगवलं नव्हतं. ज्या आजोबांच्या मांडीवर ती खेळली, त्यांच्या तरुणपणाकडे तिने न डगमगता पाहिलं होतं. शेवटी सेलीचा नवरा अल्बर्ट तिच्याजवळ शिवत बसतो, माणसात येतो, हेही तिनेच लिहिलं.

आणि अ‍ॅलिसची आई, मिनी लू. तुमच्यासारख्यांच्या पोरांना शाळा कशाला, असं जमीनमालक सुचवायला आला, तेव्हा या बाईने त्याला दारातूनच परत पाठवलं. अ‍ॅलिसला तिने चौथ्या वर्षीच शाळेत घातलं. लोकांच्या घरी राबून आठवड्याला २० डॉलरसुद्धा मिळत नसत. त्यातून तिने मुलीला तीन वस्तू घेऊन दिल्या: शिवणयंत्र, सूटकेस आणि टंकलेखनयंत्र. पहिलं स्वतःचे कपडे स्वतः शिवता यावेत म्हणून, दुसरी गाव सोडता यावं म्हणून, तिसरं लिहिता यावं म्हणून. सेलीकडे शेवटी हेच तीन मार्ग येतात. पत्रं, मेम्फिसचा प्रवास आणि सुई. पँट शिवायला लागली तेव्हाच ती कुणाची मिंधी राहिली नाही. हातात वस्तरा असताना नवऱ्याचा गळा कापायची इच्छा जिला झाली, तिच्या हातात सुई आली, हा बदल वॉकरने फार जपून विणला आहे.

कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती न्यूयॉर्कमध्ये होती. तिथे पात्रं तिच्याशी बोलेनात. मग ती कॅलिफोर्नियात गेली. सॅन फ्रान्सिस्कोही नको झालं, तेव्हा उत्तरेला बूनव्हिलजवळ खेड्यात घर घेतलं. तिथला डोंगर जॉर्जियासारखा वाटायचा. आईने ‘सोपी आहे’ म्हणून सांगितलेल्या नमुन्याची गोधडी ती शिवायला बसली आणि गोधडीसोबत गोष्ट पुढे सरकू लागली. वर्षाच्या आत कादंबरी पुरी झाली, तीही सेलीच्या गावंढळ म्हणवल्या जाणाऱ्या बोलीत, देवाला लिहिलेल्या पत्रांतून. १९८२ मध्ये ती छापून आली. १९८३ चं कथात्म साहित्याचं पुलित्झर तिला मिळालं. हा मान मिळवणारी वॉकर ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

कादंबरीत एक धागा आहे ज्याकडे वाचकाचं सहज दुर्लक्ष होतं. सेलीच्या खऱ्या बापाचं दुकान होतं, चांगलं चालणारं. गोऱ्या व्यापाऱ्यांना ते खपलं नाही, त्यांनी दुकान जाळलं आणि त्याला झुंडीने मारलं. हे कल्पनेतलं नाही. मेम्फिसमध्ये १८९२ साली पीपल्स ग्रोसरी या किराणा दुकानाचा टॉमस मॉस आणि त्याचे दोन साथीदार असेच तुरुंगातून ओढून नेऊन मारले गेले. मॉसची मैत्रीण, पत्रकार आयडा बी. वेल्स हिने त्यावर लिहिलं, तर जमावाने तिच्या वर्तमानपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त केलं. सेलीला अखेरीस वारसाहक्काने घर आणि दुकान मिळतं, ते या रक्ताच्या मोबदल्यात नव्हे, रक्त सांडूनही उरलेलं म्हणून.

सेलीच्या सावत्र मुलाची, हार्पोची बायको सोफिया, तिचंही तसंच. महापौराच्या बायकोने ‘माझ्याकडे मोलकरीण होशील का’ विचारलं, ती नाही म्हणाली, आणि या एका नकारापायी तुरुंग भोगून शेवटी त्याच घरात राबायला लागली. देशाने १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा आणि १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा केला, तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार, म्हणजे दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय बायका, त्यातून वगळल्या गेल्या.

चित्रपटाच्या करारात वॉकरने अट घातली, पडद्यामागे काम करणाऱ्यांत निम्मे तरी स्त्रिया किंवा गौरेतर असावेत. निर्माता क्विन्सी जोन्सने शिकागोच्या दूरचित्रवाणीवर ओप्रा विन्फ्रीला पाहिलं आणि सोफिया सापडली. व्हूपी गोल्डबर्गचा हा पहिलाच मोठा चित्रपट. गायिका शग आणि सेलीचं प्रेम मात्र स्पीलबर्गने एका चुंबनापुरतं आवरलं. ते आपण सौम्य केलं, हे त्याने पुढे कबूलही केलं. मला ती उणीव जाणवते, कारण आपलं शरीर सुंदर आहे हे सेलीला शगच पहिल्यांदा सांगते. प्रदर्शनाच्या वेळी लॉस एंजेलिसमध्ये निदर्शनं झाली. कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे पशू, ही प्रतिमा हॉलिवूडने १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटापासून विकली होती, तेव्हा त्या निदर्शकांची चीड समजण्यासारखी होती. ऑस्करला ११ नामांकनं आली, पुरस्कार एकही नाही.

पुढे १ डिसेंबर २००५ ला ब्रॉडवेवर संगीतिका आली, तिच्यावरून २०२३ मध्ये घानाच्या ब्लिट्झ बझावुलेने नवा चित्रपट केला.

कादंबरीच्या शेवटच्या पत्रात सगळं घर एकत्र जमलेलं आहे. तारीख ४ जुलै. आपण दरवर्षी याच दिवशी का भेटतो, असं एक मूल विचारतं. हार्पो सांगतो, गोरे लोक आज इंग्लंडपासून मिळालेलं स्वातंत्र्य साजरं करण्यात गुंतलेले असतात, म्हणून आपल्याला कामावर जावं लागत नाही. आजचा दिवस आपण एकमेकांना साजरं करू शकतो.