कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान: तक्रार कुठे, अर्ज कुठे?

खाडीत कुणी रातोरात भराव टाकला की गावातून पहिला फोन जातो तो ओळखीच्या ‘कांदळवनवाल्यां’ना. बरेचदा ते कांदळवन प्रतिष्ठानाचे प्रकल्प समन्वयक असतात. खेकडापालनाच्या बैठकीला तेच आलेले असतात, त्यामुळे नंबरही त्यांचाच असतो. भराव थांबवण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही. ते निरोप पुढे पोचवतात, आणि तोवर डंपरच्या आणखी चार फेऱ्या होऊन जातात.

हा अधिकार कक्षाचा. कांदळवन कक्ष म्हणजे वन विभागाचीच शाखा, राज्य सरकारने 2012 मध्ये स्थापन केलेली. तिथे वनक्षेत्रपाल, वनपाल, वनरक्षक असतात. तिवर, चिपी ही कांदळवनातली झाडं. तिवर तोडली, चिपीवर माती ओतली, की पंचनामा करायचा, वनगुन्हा नोंदवायचा, गाडी जप्त करायची, ही त्यांची कामं. माझ्या मते तोडीपेक्षा बांधावर जास्त लक्ष हवं. कुऱ्हाडीचा घाव लगेच दिसतो. भरतीचं पाणी अडवलं तर झाडं उभ्याउभ्या सुकतात, आणि पुढे ‘इथे होतं काय?’ म्हणायला सगळे मोकळे. मालकीची जमीन आहे, ही सबबही चालत नाही. 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने खासगी जागेतलं कांदळवनही वनच मानलं आणि त्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. जागा वन विभागाच्या ताब्यात नसेल तर तक्रारीची एक प्रत तहसीलदारांनाही द्यावी.

प्रतिष्ठान 2015 चं. तेही सरकारनेच काढलेलं, पण नोंदणीकृत संस्था म्हणून, म्हणजे खात्याबाहेर. निधी घ्यायचा, अभ्यासकांना काम द्यायचं, गावात माणसं नेमायची, हे संस्थेला जमतं. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावरून ‘प्रथमा’ ही कासवीण पाठीवर उपग्रह टॅग घेऊन समुद्रात गेली, त्या अभ्यासाला पैसा प्रतिष्ठानाचा होता आणि काम भारतीय वन्यजीव संस्थेचं.

गावाला प्रतिष्ठान ठाऊक असतं ते उपजीविका योजनेमुळे. खेकडे, कालवं, शिणाणे (एक प्रकारचे शिंपले), जिताडा, शोभिवंत मासे किंवा पर्यटन यांसाठी गटाला 90 टक्के आणि एकट्या माणसाला 75 टक्के अनुदान. अर्जाआधी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती हवी, कारण खाडी राखण्याची हमी गावाने द्यायची असते. खेकड्यांचं काम दिसतं तितकं सोपं नाही. कात टाकलेला मऊ खेकडा बाकीचे खाऊन टाकतात, म्हणून लहानमोठे एकत्र सोडायचे नाहीत आणि खाणं वेळेवर द्यायचं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन सफर घडवतात, तेही या योजनेतलं पाहण्यासारखं काम.

गोंधळाचं मूळ वरच आहे. कक्षाचे प्रमुख असलेले वनाधिकारीच प्रतिष्ठानाचे कार्यकारी संचालक असतात. जाळं कापून कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) सोडणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, तिथेही दोघांची हद्द पुसटच. एक प्रमुख असल्याने कामं अडत नाहीत, हे मला मान्य आहे. पण गावात दोन नंबर वेगळे लागतातच. आपल्या भागाचे कांदळवन वनपाल कोण, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्या. तक्रार लेखी द्या, जमिनीचा गट नंबर आणि तारखेचा फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.