प्राण्यांतील बुद्धी व जाणीव

माणसाखेरीज इतर सजीवांना कळते का, वाटते का आणि उत्क्रांतीत हे कळणे-वाटणे कुठून सुरू झाले, याविषयीचा जुना वाद. बुद्धी म्हणजे अडचणीतून वाट काढणे. तिची परीक्षा घेता येते. जाणीव म्हणजे दुखणे, भिणे, सुखावणे हे आतून भोगणे. ते बाहेरून ओळखायचे कसे, यावरच खरे भांडण आहे.

कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. शिंगे रंगवलेली, गळ्यात माळा. मालक मोटारसायकल भरधाव सोडतो आणि म्हैस गर्दी-गोंगाटातून नेमकी त्याच्याच गाडीमागे धावते. ‘तिला सगळं कळतंय’, हे गवळ्याचे मत ठरलेले. अभ्यासकाला मात्र इथे बर्लिनचा हान्स आठवतो. हा घोडा टाप आपटून बेरजेचे उत्तर देई. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवले की, टापांचा आकडा उत्तरापाशी आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते आणि तेवढे पाहून घोडा थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की हान्सही चुके. त्याला गणित येत नव्हते, हे खरे. पण माणसाला स्वतःलाही न उमगलेली हालचाल टिपणे ही काय कमी हुशारी? ही गोष्ट सांगताना तेवढे बहुधा राहूनच जाते.

माणूस आणि वरच्या श्रेणीचे प्राणी यांच्या मनांतला फरक प्रकाराचा नसून कमी-अधिकपणाचा आहे, असे डार्विन यांनी १८७१ मध्ये मांडले. त्याला लगाम घातला ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी, १८९४ मध्ये: साध्या मानसिक क्रियेने उलगडा होत असेल, तर वरची गृहीत धरू नये. मेंदूच्या अभ्यासकांनी काढलेल्या २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्याने सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपस यांच्या मज्जासंस्थेत जाणिवेला लागणारी सामग्री असल्याचे म्हटले. यात ऑक्टोपस महत्त्वाचा. त्याची आणि आपली वंशरेषा ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटली. त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी निम्म्याहून अधिक भुजांतच असतात. म्हणजे बुद्धी उत्क्रांतीत एकदाच उपजलेली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात जैन शेतकरी बरेच. जैन विचारात जीवांची प्रतवारी इंद्रियांवरून होते: ऊस एकेंद्रिय, मुंगी तीन इंद्रियांची, मधमाशी चार, मन मात्र फक्त संज्ञी, म्हणजे समज असलेल्या, पंचेंद्रियांना. ही उत्क्रांतीची शिडी नव्हे, तरी रेघ कुठे ओढायची हा प्रश्न तोच. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींचे विद्युत-प्रतिसाद मोजून दाखवले. पण वनस्पतींना चेतापेशी नाहीत, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ त्याला जाणीव म्हणत नाहीत. माश्यांचे प्रकरण अधिक अवघड आहे. मधमाशीच्या मेंदूत जेमतेम १० लाख चेतापेशी. तिची नातलग असलेल्या भुंगमाश्यांपुढे (बंबलबी) लंडनच्या प्रयोगशाळेत लाकडी गोळ्या ठेवल्या. काहीही खायला मिळत नसताना त्या परत परत येऊन, खेळल्यासारख्या, गोळ्या लोळवत राहिल्या, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोवळ्या वयाच्या माश्या जास्त वेळा येत.