मिस्टर ऑलिंपिया

व्यावसायिक शरीरसौष्ठवातील सर्वोच्च मानला जाणारा वार्षिक किताब. या खेळात दिग्गज कोणाला म्हणावे, ही चर्चा बहुधा याच किताबापासून सुरू होते. मात्र ती किताबांच्या संख्येवर संपत नाही.

व्यायामविषयक मासिकांचे प्रकाशक जो वाइडर यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे ही स्पर्धा सुरू केली. मिस्टर युनिव्हर्स ही त्या काळची प्रमुख स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूला पुढे मोठे आव्हान उरत नसे, हे त्यामागील कारण. लॅरी स्कॉट पहिले विजेते. ‘ऑलिंपिया’ हे नाव एका बिअरवरून सुचले, अशी कथा सांगितली जाते. प्राचीन ग्रीक क्रीडापरंपरेशी नाते जोडण्याचा हेतू अधिक संभवनीय वाटतो.

विजेत्याला १९७७ पासून आधुनिक शरीरसौष्ठवाचे जनक मानले जाणारे युजेन सँडो यांचा छोटा पुतळा देतात. त्याचे मूळ सँडो यांनी १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरवलेल्या स्पर्धेत शोधले जाते. शिल्पकार चार्ल्स लॉज व लेखक आर्थर कॉनन डॉइल तेथे सँडो यांच्यासोबत परीक्षक होते. नॉटिंगहॅमचे विल्यम मरे विजयी झाले. ही जगातील पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परीक्षकांत शिल्पकार असणे अर्थपूर्ण आहे: वजन किती उचलले यापेक्षा प्रमाणबद्धता व घडण पाहण्याची दृष्टी तेथूनच रुजली असावी.

ली हेनी (१९८४–९१) आणि रॉनी कोलमन (१९९८–२००५) यांचे प्रत्येकी ८ किताब, तर अर्नोल्ड श्वार्झनेगर व फिल हीथ यांचे ७. श्वार्झनेगर यांचा १९८० चा सिडनीतील विजय मात्र आजही वादग्रस्त आहे. निकालावर प्रेक्षकांतून निषेध झाला आणि प्रतिस्पर्धी माइक मेंट्झर पुन्हा स्पर्धेत उतरले नाहीत. केविन लेव्हरोन ४ वेळा दुसरे आले, किताब कधीच मिळाला नाही. तरीही त्यांना दिग्गजांतून वगळणे योग्य ठरणार नाही.

पुढच्या पिढीचे मापच ज्याने बदलले तो दिग्गज, हा निकष अधिक ग्राह्य वाटतो. फ्रँक झेन (१९७७–७९) सुमारे ८४ किलो वजनावर जिंकले. पोट पूर्ण आत ओढून, हात डोक्यामागे घेऊन ते उभे राहत, तेव्हा बरगड्यांची कमान व निमुळती कंबर एका रेषेत दिसे. डोरियन येट्स (१९९२–९७) यांनी बर्मिंगहॅमच्या तळघरातील व्यायामशाळेत कमावलेली दाट, चिरेबंदी पाठ आणून ते चित्र पालटले. कोलमन २००३ मध्ये सुमारे १३० किलोंचे होते. या वाढत्या आकारमानाची किंमतही मोठी होती: कोलमन यांच्या पाठीवर व खुब्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या.

महिलांची मिस ऑलिंपिया १९८० पासून. आयरिस काइल यांचे १० किताब पुरुषांच्या विक्रमापेक्षाही अधिक आहेत. वजनमर्यादा असलेला क्लासिक फिजिक विभाग २०१६ मध्ये आला, आणि झेन यांची ती पोट ओढलेली पोझ पुन्हा मंचावर दिसू लागली.