मायक्रो-रेझोनेटर आणि ऑप्टिकल फायबरने रसायन ओळखणं

काचेच्या अगदी बारीक गोळीत लेसरचा प्रकाश फिरत ठेवायचा आणि गोळीभोवतीच्या द्रवात किंवा वायूत काय बदललं ते त्या प्रकाशावरून ओळखायचं, अशी ही पद्धत. त्या गोळीला मायक्रो-रेझोनेटर म्हणतात, आणि तिच्यापर्यंत प्रकाश पोचवायला ऑप्टिकल फायबर लागते.

सांगलीकडच्या माणसाला यातलं अर्धं आधीच माहितीय. तासगाव-मिरज भागात द्राक्षं काढायच्या आधी मणी पिळून रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतात, उजेडाकडे धरून बघतात, ब्रिक्स (रसातल्या साखरेची टक्केवारी) किती भरली ते कळतं. साखर वाढली की रसाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, वाढतो, साध्या पाण्याचा 1.333 असतो आणि 20 ब्रिक्सच्या रसाचा साधारण 1.364. मायक्रो-रेझोनेटर पण बऱ्याचदा हेच मोजतो, फक्त रिफ्रॅक्टोमीटरमध्ये प्रकाश रसाला एकदाच भेटतो आणि इथं हजारो वेळा.

हजारो वेळा कसा, तर विजापूरच्या गोल घुमटात जाऊन आलेल्यांना लगेच पटेल. सज्ज्यात भिंतीशी कुजबुजलं की आवाज भिंतीला धरून फिरतो आणि पलीकडच्याला स्पष्ट ऐकू येतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या अशाच सज्ज्याचं कोडं इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1910 च्या सुमारास गणिताने सोडवलं. गोळीत आवाजाच्या जागी प्रकाश असतो, तो पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे (काचेच्या कडेवर तिरपा आदळून परत आतच वळल्यामुळे) आतल्या कडेने फिरत राहतो, आणि एका फेरीत पूर्ण लहरी बसल्या तरच टिकतो, म्हणून प्रत्येक गोळीच्या ठरलेल्या तरंगलांब्या असतात. क्यू-फॅक्टर (गोळी प्रकाश किती टिकवते त्याचं माप) 10 कोटी असलेली 200 मायक्रॉन (मिलिमीटरचा पाचवा भाग) व्यासाची गोळी घेतली तर 1550 नॅनोमीटरचा प्रकाश विझेपर्यंत साधारण 27 हजार फेऱ्या मारतो, म्हणजे जवळजवळ 17 मीटर चालतो, आणि ते पण खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान जागेत! मला तरी या सगळ्यात हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

फिरताना प्रकाशाचा थोडा भाग काचेबाहेर अगदी कडेलाच, एका तरंगलांबीपेक्षाही कमी अंतरापर्यंत सांडलेला असतो, तिथं नवे रेणू आले की गोळीची तरंगलांबी जराशी सरकते. रेणू प्रकाश शोषणारे असतील तर प्रकाश लवकर विझतो आणि मग विझायला लागलेला वेळ मोजतात, याला रिंग-डाउन म्हणतात. फायबरची दोन टोकं जोडून मोठं कडं केलं तरी हे मोजता येतं.

गोळी बनवायची रीत सोपी आहे, फायबरचं टोक लेसरने किंवा ज्योतीने वितळवलं की काच आपोआप गोल होते. दुसरी फायबर तापवून ताणून 1-2 मायक्रॉनपर्यंत बारीक करतात आणि तिच्यातून प्रकाश गोळीत उतरतो.

खरी अडचण ओळखीची आहे. अपवर्तनांक साखरेने वाढतो तसा मिठाने पण वाढतो, गोळीला दोन्ही सारखंच. म्हणून तिच्यावर ठरावीक रसायन शोषणारं पॉलिमर किंवा ठरावीक रेणू पकडणाऱ्या अँटिबॉडीज लावतात, आणि माझ्या मते सेन्सर चांगला की वाईट हे या लेपावरच ठरतं. दुसरा त्रास उष्णतेचा, 1 अंश सेल्सिअसने तापमान बदललं तरी तरंगलांबी साधारण 10 पिकोमीटर (नॅनोमीटरचा शंभरावा भाग) सरकते आणि रसायनामुळे होणारा बदल त्याहून कितीतरी लहान असू शकतो, त्यामुळे शेजारी लेप न लावलेली दुसरी गोळी ठेवून दोघींमधला फरक मोजतात.