जळक्या ऑइलाने सस्पेन्शन टिकतं?

‘पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल) फवारा, सस्पेन्शनला चिखल-पाणी बाधत नाही,’ हा सल्ला जुनाच. ऑइलाने उघडं लोखंड काही काळ गंजत नाही, एवढं खरं. पण सस्पेन्शनमध्ये रबरी बुशही असतात, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या, धक्के सोसणाऱ्या रबराच्या नळ्या. नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगतं, मऊ पडतं. शिवाय ऑइलावर धूळ चिकटते. शॉकअपच्या रॉडवर ती पॉलिश पेपरसारखी घासते आणि सील गळायला लागतं. ब्रेकवर थेंब उडाले तर विचारूच नका.

पडताळायचंय? गॅरेजमधून दोन सारखे जुने बुश आणा. एक आठवडाभर ऑइलात बुडवून ठेवा, मग दुसऱ्याशी ताडून पाहा, बोटाने दाबून बघा.

चिखलातून आल्यावर साध्या पाण्याने धुणं पुरतं. सांध्यांवरची रबरी आवरणं (बूट) फाटलीत का तेही बघा. ग्रीस भरायची निपल असतील तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा.